अंबाडा सैल करायला लागलेली अडीच वर्षं

डिसेंबर २०२२ मध्ये मावसबहिणीच्या हळदीचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आले. एका फोटोत मी तिच्या गालाला हळद लावतेय. बाजूने काढलेला फोटो, ऊन थेट माझ्या कानशिलावर. आधी वाटलं, मलाच हळद लागलीये. मग फोटो मोठा करून पाहिला. कानाच्या वर दोन बोटं रुंद नुसती चकचकीत कातडी होती. केस नाहीत. रोज सकाळी सहा वाजता आरशासमोर उभी राहून मी केस बांधत होते, पण समोरून. समोरून हे दिसत नाही.

मी नर्स आहे. नाशिकला एका खासगी रुग्णालयात, बरीचशी वर्षं आयसीयूत. जीएनएम या नर्सिंगच्या डिप्लोमाच्या पहिल्या वर्षापासून, म्हणजे २००३ पासून, डोक्यावर एकच एक रचना: केस ओढून मागे, उंच अंबाडा, वर जाळी, बाजूने आठ-दहा पिना. होस्टेलच्या सिस्टर ट्यूटर हजेरीला कानामागे बोट फिरवून बघायच्या, एक बट सुटलेली दिसली तर परत पाठवायच्या. त्याआधी शाळेत दहा वर्षं दोन वेण्या, वर उचलून लाल रिबिनीने बांधलेल्या. आई चप्प तेल लावून अशा चापूनचोपून घालायची की डोळे बारीक व्हायचे. ‘घट्ट बांधले की केस वाढतात’ हे तिचं ठाम मत, आणि तिच्या आईचंही. आजीचं कानशील पार मागे गेलेलं होतं, पण आमच्याकडे त्याला ‘मोठं कपाळ, भाग्याचं’ म्हणत.

हे सगळं आत्ता लिहिताना एका ओळीत बसतं. तेव्हा मात्र मला वाटलं, अशक्तपणा असणार.

असं वाटायला कारण होतं. एप्रिल २०२१ मध्ये मला कोविड झाला आणि जुलैमध्ये केस मूठमूठ गळले. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन यानंतर दोन-तीन महिन्यांनी अशी गळती होते, आणि बहुतेक वेळा ती आपोआप थांबते. माझीही थांबली होती. म्हणून या वेळी मी थांबायची वाट बघत बसले. चार महिने कांद्याचा रस लावला. घरात वास असा की मुलगी अभ्यासाला शेजारी जाऊन बसायची. बायोटिनच्या गोळ्या घेतल्या, महिन्याला साडेपाचशे. पार्लरमधल्या ताईने ‘टाळूला रक्तपुरवठा कमी पडतोय’ सांगून हेअर स्पा केला, पंधराशे. तिला मी हेही सांगितलं होतं की २०१९ मध्ये तिच्याकडेच साडेपाच हजार देऊन केस स्मूदनिंग केले होते, त्यानंतर ते बारीक झाल्यासारखे वाटतात. ती म्हणाली, पुन्हा करून घ्या.

मे २०२३ मध्ये आमच्याच फिजिशियन सरांना विचारलं. त्यांनी डोकं न बघताच तपासण्या लिहिल्या: हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइडसाठी टीएसएच, बी-१२ आणि डी जीवनसत्त्व. स्टाफची सवलत धरून तेवीसशे रुपये. फेरिटिन १८ आलं, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा कमी, बाकी ठीक. तीन महिने लोहाच्या गोळ्या घेतल्या. विंचरताना एकूण गळणारे केस खरंच कमी झाले. कानशील होतं तसंच राहिलं. इथे माझं चुकलं ते असं, की एक कारण सापडलं म्हणून दुसरं शोधलंच नाही. रक्तात काही कमी असेल तर केस डोकंभर विरळ होतात. माझे फक्त दोन कानशिलांवर आणि कपाळाच्या कडेला गेले होते, जिथे रोज ओढ बसते तिथेच. हा नकाशा डोक्यावर स्पष्ट काढलेला होता आणि मी रक्त तपासत होते.

जुलैमध्ये नवऱ्याने आग्रह केला म्हणून एका केसांच्या क्लिनिकमध्ये गेले. जाहिरातवालं, एसी, कॉफी. डॉक्टर भेटण्याआधी ‘काउन्सेलर’ भेटली. तिने स्क्रीनवर माझी टाळू मोठी करून दाखवली (कुणाचीही टाळू इतकी मोठी करून दाखवली तर भीती वाटेलच) आणि पीआरपीच्या (आपल्याच रक्तातला भाग टाळूत टोचतात) आठ बैठकांचं पॅकेज सांगितलं, अठ्ठेचाळीस हजार, हप्त्याची सोय. ‘आजच बुक केलं तर’ या वाक्याला मी दोन हजार भरून बसले. ते परत मिळाले नाहीत. एक सांगते: केस कसे बांधता, हे विचारण्याआधी जो कुणी किंमत सांगेल, तिथून उठा.

शेवटी सोमवार, ४ सप्टेंबर २०२३ ला नाइट ड्यूटी संपवून तशीच सिव्हिलला गेले. १५ ऑगस्टपासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले होते, त्यामुळे केसपेपरलाही पैसे पडले नाहीत. खिडकी उघडायच्या आधी पोहोचले तरी पुढे चाळीसेक माणसं. त्वचारोगाच्या ओपीडीत माझा नंबर साडेअकराला आला. रांगेत पहिल्यांदाच पेशंटच्या बाजूने बसले होते. पायात ड्यूटीचे बूट आणि डोक्यावर अर्थातच अंबाडा.

डॉक्टर मॅडम माझ्यापेक्षा लहान असतील. त्यांनी कागद बाजूला ठेवले आणि म्हणाल्या, “सिस्टर, केस सोडा. आणि आता ड्यूटीला बांधता तसे माझ्यासमोर बांधून दाखवा.”

मी बांधले. त्यांनी कपाळाच्या कडेला बोट ठेवलं. केसांच्या मुळाशी कातडी तंबूसारखी वर उचलली गेली होती.

“दुखतंय?”

“सवय आहे.”

“सवय आहे म्हणजे दुखतंय.”

मग त्यांनी डर्मोस्कोप, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणारं भिंग, लावून आरशात मलाही दाखवलं. डाव्या बाजूला मुळांभोवती लाली होती आणि केसांवर पांढऱ्या बारीक नळ्या. या नळ्यांना मी वर्षभर कोंडा समजून कोंड्याचा शाम्पू लावत होते. कोंडा झटकला की पडतो. हे केसाला बांगडीसारखं अडकलेलं असतं आणि बोटाने वर-खाली सरकतं. ओढ चालू असल्याची ती खूण. अधूनमधून कपाळाच्या कडेला येणाऱ्या पुळ्या आणि ड्यूटीच्या शेवटी चढणारी डोकेदुखीही त्यातलीच. उजव्या बाजूला लाली नव्हती, पण केस उगवायची छिद्रंही नव्हती. कातडी सपाट. आणि कपाळाच्या अगदी पुढे, रिकाम्या पट्ट्याच्याही पुढे, जावळासारख्या लवेची एक ओळ शिल्लक होती. त्या म्हणाल्या, हे केस इतके आखूड की तुमच्या अंबाड्यात कधी आलेच नाहीत, म्हणून वाचले. निदान करताना ही झालर फार उपयोगाची असते.

आजाराचं नाव ट्रॅक्शन अ‍ॅलोपेशिया, म्हणजे ओढीने येणारं टक्कल. नंतर एका रात्रपाळीत वाचलं की याचं पहिलं वर्णन १९०७ चं आहे, ग्रीनलंडमधल्या बायकांचं, केस वर ओढून घट्ट बांधणाऱ्या. केपटाऊनमध्ये तपासलेल्या प्रौढ कृष्णवर्णीय बायकांत जवळपास एक तृतीयांश जणींना तो सापडला. घट्ट बारीक वेण्या आणि रसायनाने सरळ केलेले केस, दोन्ही एकत्र आले की धोका जास्त. घट्ट जुडा बांधणाऱ्या शीख पुरुषांतही दिसतो. म्हणजे केस कुणाचेही असोत, मूळ किती वर्षं ताणलं गेलं हा प्रश्न. सुरुवातीला ओढ काढली की मूळ सावरतं. वर्षानुवर्षं चालू राहिली की मुळाच्या जागी व्रण होतो आणि व्रणातून केस येत नाही.

स्मूदनिंगचंही विचारलं. त्यांनी माझ्या दोन केसांची टोकं दाखवली. एकाला मुळाशी पांढरा ठिपका होता, म्हणजे तो मुळापासून निघालेला. दुसरा मधेच तुटलेला. रसायन आणि तापलेली इस्त्री केसाची काडी कमजोर करतात, ती मधून तुटते, पण मूळ जिवंत असेल तर पुन्हा वाढते. कमजोर काडी आणि वर ओढ, हे मात्र वाईट. ओले केस बांधणंही वाईट, कारण ओला केस जास्त ताणला जातो. सातच्या ड्यूटीला नहाऊन, पाणी टपकत असताना अंबाडा बांधून, बसमध्ये चढणारी मी एकटीच नसेन.

त्या दिवशी घरी येताना एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. आयसीयूत पेशंटला दर दोन तासांनी कूस बदलून देते. नाही दिली तर एकाच जागी दाब पडून जखम होते, हे मी दरवर्षी नव्या मुलींना शिकवते. स्वतःच्या डोक्यावर वीस वर्षं एकाच जागी ओढ ठेवली आणि लाज वाटावी इतकं ते सुचलं नाही.

उजव्या बाजूबद्दल मॅडमना खात्री हवी होती. कपाळाची कड मागे नेणारा आणखी एक आजार असतो, त्यात बहुतेकदा भुवयाही जातात. माझ्या भुवया शाबूत होत्या, तरी त्यांनी बायोप्सी सांगितली. १४ सप्टेंबरला झाली. चार मिलिमीटरचा पंच, म्हणजे डाळीच्या दाण्याएवढा तुकडा. भुलीचं इंजेक्शन चुरचुरतं, तेवढंच काय ते दुखणं. एक टाका. दोन दिवस डोक्यावरून पाणी नको. टाका आठ दिवसांनी आमच्याच वॉर्डातल्या सिस्टरने काढला, गौरीजेवणाच्या आदल्या संध्याकाळी. कुणी बायोप्सीला घाबरत असेल तर सांगते, पार्लरमध्ये वरच्या ओठाला दोरा लावण्याइतकंही ते दुखत नाही. पण केसपेपरवर बायोप्सी क्रमांक लिहून घ्या आणि त्याचा फोटो काढून ठेवा. रिपोर्ट त्या क्रमांकावर मिळतो, नावावर नाही.

रिपोर्ट ३ ऑक्टोबरला आला. केसांची मुळं कमी झालेली, जागी तंतूंचे व्रण, तेलग्रंथी शाबूत. तेलग्रंथी शाबूत म्हणजे तो दुसरा आजार नाही. मी आनंदाने विचारलं, मग येतील ना? मॅडम म्हणाल्या, “डावीकडचे येतील. उजवीकडच्या मधल्या पट्ट्याचं मी सांगत नाही.” गोड बोलल्या नाहीत याचं नंतर बरं वाटलं. त्या दिवशी रिक्षात रडले. केसांसाठी कुणी रडतं का, असं मीच आजवर पेशंटना म्हणत आले होते, केमोच्या पेशंटनासुद्धा. ते शब्द आता परत घेते.

औषध साधं होतं. डाव्या बाजूला तीन आठवडे स्टेरॉइडचं लोशन, लाली जाईपर्यंत. दोन्ही बाजूंना रात्री एक मिलिलिटर मिनॉक्सिडिल, हे केस वाढायला लावायचं औषध, ५ टक्के. बाटली मेडिकलमधून, सातशेच्या आसपास, दोन महिने पुरते. झोपायच्या निदान दोन तास आधी लावायचं, नाहीतर उशीवरून तोंडाला लागतं आणि गालावर लव येते. माझ्या आली, थोडी. गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि घरात मांजर असेल तर फार जपा. हे औषध मांजरांना थोडंसं चाटण्यातूनही विषारी ठरतं. आमची मनी रात्री माझ्या डोक्याशी झोपायची. तिची रवानगी मुलीच्या खोलीत झाली, त्याचा राग तिने अजून सोडलेला नाही.

पण औषध ही या सगळ्यातली सोपी गोष्ट होती. मुख्य उपचार म्हणजे अंबाडा बंद, आणि अंबाडा माझ्या हातात नव्हता, तो नियमावलीत होता. ‘केस मागे घट्ट बांधून जाळीत’, असं ग्रूमिंगच्या कागदावर लिहिलेलं. ९ ऑक्टोबरला मी मेट्रन मॅडमकडे अर्ज दिला. त्यांनी वाचला, माझं कानशील पाहिलं, स्वतःच्या कानशिलावर नकळत हात नेला आणि म्हणाल्या, “एचआरकडे जायला लागेल गं.” एचआरने सर्टिफिकेट मागितलं. मी ओपीडीचा कागद दिला. म्हणे हा केसपेपर, सर्टिफिकेट नाही. पुन्हा सिव्हिल. मॅडमनी लगेच लिहून दिलं, पण शिक्का आणि जावक क्रमांक दुसऱ्या खिडकीवर, आणि मी पोहोचले तेव्हा तिथलं काम दिवसापुरतं आवरलं होतं. तिसऱ्या फेरीला काम झालं. तुम्हाला असं करायचं असेल तर पहिल्याच दिवशी विचारा: शिक्का कुठे, किती वाजेपर्यंत. आणि सर्टिफिकेटवर नुसतं आजाराचं नाव नको. ‘घट्ट केशरचना टाळावी, कामासाठी तंदुरुस्त’ हे दोन्ही लिहून घ्या. दुसरा भाग नसेल तर ऑफिस तुम्हाला आजारी रजेवर पाठवायला बघतं. माझ्या बाबतीत ते विचारलं गेलंच.

एचआरने फाइल इन्फेक्शन कंट्रोल कमिटीकडे टाकली. त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. सुटे केस जखमेवर, सेंट्रल लाइनच्या (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीच्या) जागेवर पडता कामा नयेत. पण केस सुटे नसणं आणि ओढलेले असणं यात फरक आहे, एवढंच मला पटवायचं होतं. मी केस कॉलरच्या वर कापून घ्यायची तयारी दाखवली आणि प्रोसीजरला सुती कॅप. बैठक दोनदा पुढे गेली, मध्ये दिवाळी आली. २४ नोव्हेंबरला परवानगीचं पत्र मिळालं, सहा आठवडे आणि चार दिवसांनी. आधी फक्त माझ्या नावाने. फेब्रुवारीत सर्वांसाठी परिपत्रक निघालं, ‘घट्ट’ हा शब्द काढून. त्यात माझं काही कर्तृत्व नाही. पत्राची बातमी पसरल्यावर चेंजिंग रूममध्ये अकरा जणींनी मला आपापली कानशिलं दाखवली, आणि त्यातल्या सात जणींनी अर्ज दिले.

केस कापले तो दिवस सांगायचा राहिला. कमरेपर्यंतची वेणी होती. न्हाव्याच्या खुर्चीत बसून दीडशे रुपयांत ती गेली. मान इतकी हलकी वाटली की दोन दिवस मी काहीतरी विसरून आलेय असं वाटायचं. आईला व्हिडिओ कॉल केला. तिने फोन वडिलांकडे दिला.

दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला, १२ नोव्हेंबरला, उटणं धुताना हातात केसांचा पुंजका आला. मिनॉक्सिडिल सुरू करून पाच आठवडे झाले होते. सुरुवातीच्या काही आठवड्यांत जुने केस गळून नव्यांना जागा होते, असं मॅडमनी आधी सांगितलं होतं, कागदावर लिहिलंही होतं. तरी मी घाबरून दोन दिवस औषध बंद ठेवलं. बऱ्याच जणी इथेच सोडून देतात असं त्या नंतर म्हणाल्या. सोडू नका. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. चार-सहा महिन्यांच्या आत निकाल मागू नये. मी दर महिन्याच्या पाच तारखेला, त्याच खिडकीत, त्याच वेळी, फोन त्याच उंचीवर धरून दोन्ही बाजूंचे फोटो काढले. रोज आरशात बघण्यापेक्षा ते बरं, आणि ओपीडीत तीन मिनिटं मिळतात तेव्हा हेच फोटो बोलतात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये डावीकडे लव दिसली. जुलैपर्यंत ती केस म्हणण्याइतकी झाली, थोडी तांबूस, उभीच्या उभी राहणारी. मुलगी त्याला हिरवळ म्हणायची. डोकेदुखी मात्र त्याच्या कितीतरी आधी गेली होती, अंबाडा सोडल्यावर दहा-बारा दिवसांतच. वीस वर्षं तिचा दोष मी ड्यूटीच्या पाळ्यांना, झोपेला, चहाला दिला होता. ऑक्टोबर २०२४ पासून डाव्या बाजूचं औषध हळूहळू कमी करून बंद केलं, केस टिकले. उजवीकडे कडा भरल्या, पण मध्ये पाच रुपयांच्या नाण्याएवढी जागा तशीच आहे. मार्च २०२५ च्या तपासणीला मॅडम म्हणाल्या, आता हिच्यातून काही येणार नाही. हवं तर प्रत्यारोपण करता येईल, मात्र ओढ कायमची बंद ठेवायची असेल तरच. मी नको म्हटलं. एकूण खर्च काढला तर चुकीच्या वाटांवर साडेदहा-अकरा हजार गेले, त्यात स्मूदनिंग धरलेलं नाही. बरोबर वाटेवर दीड वर्षात साडेसहा हजार, तेही बहुतेक बाटल्यांचे. हेलपाट्यांचं रिक्षाभाडं लिहून ठेवलं नाही.

मुलगी आता सहावीत आहे. तिच्या शाळेत दोन वेण्यांचा नियम आहे आणि मला नियमाशी भांडायचं नाही, एक भांडण पुरे झालं. मी वेण्या सैल घालते, मानेच्या खालपासून, रबराऐवजी कापडी बंदाने. केस पूर्ण वाळल्यावरच. भांग दर आठवड्याला इकडचा तिकडे. दुपारी घरी येते तेव्हा एक रिबिन हमखास दप्तरात असते. एकदा वर्गशिक्षिकांनी डायरीत ‘केस व्यवस्थित नसतात’ असा शेरा लिहिला. मी त्याखाली ‘हो’ लिहून सही केली.

गेल्या मे महिन्यात धाकट्या मावसभावाचं लग्न होतं. आईचा आठवडाभर आधी फोन आला, “येताना गंगावन तरी लावून ये, लोक विचारतात.” गंगावनाचं वजन पुन्हा त्याच मुळांवर येणार, हे तिला तिसऱ्यांदा समजावलं. तिला ते पटलंय असं नाही. मी गेले तशीच, कॉलरपर्यंतचे केस आणि कानामागे एका क्लिपने अडकवलेला दोन पदरी गजरा. तो हळदीच्या गर्दीत कुठेतरी पडला. ग्रुप फोटोच्या वेळी आईने मला मागच्या रांगेत उभं केलं, उजवी बाजू खांबाच्या आड येईल अशी.